आहेरात मिळालेली शांतता

सून माहेरी निघाली की सासूनं दारापर्यंत सोडायला जावं, ही आमच्याकडची रीत. यंदा दिवाळी झाल्यावर मी सुनेला सोडायला निघाले ती थेट भंडारा जिल्ह्यात पोचले आणि आठवडाभर राहून आले. आमच्या कऱ्हाडच्या भिशीतल्या बायका अजून विचारतात, "तिथं तुम्ही केलंत तरी काय?" त्यांच्यासाठी, आणि भंडारा म्हटलं की ज्यांना फक्त जेजुरीची हळद आठवते त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

माझी सून प्रज्ञा पुण्याला विश्वशास्त्रज्ञ आहे. कुणी विचारलं की मी आपलं "तारे बघते" असं सांगून मोकळी व्हायची. ती दर वेळी मला दुरुस्त करायची, "आई, तारे नव्हते तेव्हाचं बघते." हे ऐकून समोरचा माणूस विषय बदलून पावसापाण्याचं विचारायचा, त्यामुळे मला पुढे कधी शिकावंच लागलं नाही. या प्रवासात मात्र रेल्वेच्या बर्थवर समोरासमोर बसल्यावर मी तिला म्हटलं, "आता नीट सांग. माझ्याकडे वेळ आहे आणि तुला पळायला जागा नाही."

तिनं सांगितलं ते असं. विश्व जन्मलं, हळूहळू निवलं, आणि मग फार मोठा काळ असा गेला की एकही तारा नव्हता. सगळीकडे नुसता हायड्रोजन वायू आणि काळोख. पहिले तारे पेटले तेव्हा त्या वायूच्या रेडिओलहरींत जरासा फरक पडला. तो फरक अजूनही वाट चालत आपल्यापर्यंत येतो आहे, पण अतिशय क्षीण. "म्हणजे बघा आई, लग्नाच्या मांडवात बँड वाजतोय आणि पलीकडच्या आळीत पाळण्यातलं बाळ कुशीवर वळलंय. ते बाळ ऐकायचं." एवढं मला समजलं. बँड आणि बाळ दोन्ही मी पाहिलेली आहेत.

ते ऐकायला तिनं एक अँटेना बनवली आहे. ती जमिनीवर ठेवून चालत नाही, कारण जमिनीच्या पोटात कुठे दगड, कुठे ओल, कुठे पोकळी, आणि त्या सगळ्याचा गोंधळ नोंदीत उतरतो. पाणी मात्र खालपर्यंत एकसारखं असतं. म्हणून अँटेना तराफ्यावर ठेवून तलावात तरंगवायची. संस्थेनं हिमालयातलं एक उंचावरचं सरोवर जवळजवळ पक्कं केलं होतं. प्रज्ञानं हट्ट धरला, की आमच्या गावचा तलावही एकदा तपासा. शेवटी प्रमुखांनी तिला एक आठवडा दिला. त्यात एका अख्ख्या दिवसाची आणि रात्रीची सलग, स्वच्छ नोंद आणून दाखवायची. आली तर तलाव, नाही तर हिमालय.

"हिमालय काही वाईट नाही गं," मी म्हटलं.

"नाही आई. पण तारे नव्हते तेव्हाचा विचार मी पहिल्यांदा त्या तलावाच्या पाळीवर बसून केला होता. ते काम तिथंच व्हावं असं फार वाटतं." एवढं बोलून ती खिडकीबाहेर पाहू लागली. आमच्या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण या पोरीनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. त्यामुळे तिथल्या तिथं मीसुद्धा त्या तलावाच्या बाजूनं झाले.

पाळीवरचं स्वागत

भंडारा रोड स्टेशनवर उतरून जीपनं मोहाडी आणि मग आंधळगाव. तिथल्या बाजारात उकडलेले शिंगाडे घेतले. काळेकुट्ट, शिंगं असलेले, आणि आत पांढराशुभ्र गर. आमच्याकडे शिंगाडा म्हणजे उपासाचं पीठ, तो पाण्यात उगवतो हेच मी विसरून गेले होते. पुढच्या गावाचं नाव मात्र इथं लिहीत नाही. सुनेनं बजावलंय, नाव छापलं तर लोक मोबाइल घेऊन बघायला येतील.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती. कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, आणि दर दोन शेतांपलीकडे तलाव. आमच्या कृष्णाकाठाला पाणी वाहतं आणि माणूस त्याच्या मागे धावतो. इथं प्रत्येक गावानं आपापलं पाणी मातीची पाळ घालून घरच्या गाईसारखं राखलेलं दिसलं.

गाव आलं आणि मी थक्क झाले. तलावाच्या अख्ख्या पाळीवर रंगीत दिव्यांच्या माळा, मधोमध कमान, कमानीवर प्रज्ञाचा फोटो आणि खाली दोन पुरुषभर उंचीचे डीजेचे डबे. आमची जीप दिसताच ते डबे असे काही गरजले की माझ्या हातातला शिंगाडा पडला.

तिचा चुलतभाऊ राकेश धावत आला. त्याचा मांडव आणि साउंडचा धंदा आहे. घामानं निथळत होता आणि चेहरा नुसता फुललेला. "ताई, तू येणार म्हून दोन दिस झाले लायटिंग लावून राहिलो! तुह्या मशीनले शोभा पायजे ना!"

ज्या तलावाच्या शांततेसाठी ती हजार किलोमीटरवरून आली होती, तो तलाव गावानं तिच्या कौतुकापायी विजेनं मढवून टाकला होता. प्रज्ञानं राकेशच्या पाठीवर हात ठेवला, "सुंदर झालंय रे" म्हणाली, आणि हळूच पिशवीतून तपासणीचं छोटं यंत्र काढलं. पडद्यावर कुंपणाच्या काट्यांसारखी टोकंच टोकं उभी राहिली. तिनं ती राकेशला दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हे सगळे माये लाइट होय काय? बाप्पा!" आणि बिचारा स्वतःच शिडी आणायला गेला.

माझ्या विहीणबाईंनी, म्हणजे प्रज्ञाच्या आईनं, मला सपरीत म्हणजे ओसरीवर बसवून पाणी दिलं. त्या मला इहीनबाई म्हणतात. "इहीनबाई, तुमाले भात चालते ना जी? आमच्या इकडे सकाळी भात, दुपारी भात, अन् सांजेले बदल म्हून भात." त्या संध्याकाळी भाताबरोबर तलावातले झिंगे, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि जवसाची चटणी होती. भाकरीची आठवण मला तिसऱ्या दिवशी आली, आणि तीही फार वेळ टिकली नाही.

डोंगा आणि चिखला

दुसऱ्या दिवशी तराफा पाण्यात सोडायचा होता. तलावातली मासेमारी आणि शिंगाडे ढिवर मंडळींच्या सोसायटीकडे आहेत, आणि सोसायटीचे म्होरके सुखरामजी. सत्तरीचे, पण पाठ सरळ. त्यांच्या डोंग्याला तराफा बांधून तो मधोमध न्यायचा होता. मलाही बसायची हौस आली. मी पाय टाकणार तोच त्यांनी हात आडवा केला.

"चपला काढा, बाई. डोंगा आमची लक्ष्मी होय."

चपला काढल्या. तरी डोंगा माझ्या वजनानं असा डुलला की मी "अगं आई गं" म्हणत थेट सुखरामजींचा खांदाच धरला. पाळीवरच्या बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. सोडण्याआधी सुखरामजींनी तलावाला नारळ दिला, विहीणबाईंनी पाळीवर उभं राहून पंचशील म्हटलं, आणि मी मनातल्या मनात आमच्या कृष्णामाईला हाक मारली. अँटेनाला कुणाचाही आशीर्वाद कमी पडू नये.

नोंद सुरू झाली की तलावाकडे फिरकायचं नाही असं ठरलं होतं. म्हणून माझे व्याही आम्हाला चिखल्याला घेऊन गेले. ते तिथल्या मँगनीजच्या खाणीत भूमिगत कामाला होते, आता निवृत्त होऊन गावी शेती करतात. प्रज्ञाचा जन्म खाणीच्या वसाहतीतला. काळसर मातीनं माखलेले ट्रक, ओळीनं उभी घरं, दारात तुळस नाहीतर पिंपळाचं रोप. एका घरापुढे थांबून ते म्हणाले, "हे आपलं क्वार्टर होतं जी."

प्रज्ञा हसून सांगू लागली. लहानपणी बाबा खाणीतलं काम संपवून आले की ती टोपीवरचा दिवा मागायची आणि विचारायची, खाली काय दिसते? बाबांचं उत्तर ठरलेलं, "अंधार दिसते. दिवा लावला का तेवढं दिसते." मग पोरीचा पुढचा प्रश्न, "अन् सगळ्यात पहिला दिवा कोणं लावला?"

"म्या म्हटलं, म्यानेजरनं लावला असन," व्याही म्हणाले. "तिले काही पटलं नाही. तेव्हापासून विचारूनच राहिली." भंडाऱ्याचं कॉलेज, नागपूरची एमएस्सी, पुण्याचं संशोधन, मधे परदेशातली वर्षं, या सगळ्याचा त्यांनी लावलेला अर्थ एवढाच होता, की पोरीला मॅनेजरचं उत्तर पटलं नाही. माझ्या मुलानं तिला काय पाहून पसंत केलं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

टक् टक्

परत येऊन नोंद उघडली तर तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या अंतरानं एकेक टोक. जणू कुणी तरी तलावाच्या दाराशी उभं राहून कडी वाजवत होतं. प्रज्ञा मटकन बसली. अर्धा आठवडा संपत आला होता.

सकाळी ती हातात काठीसारखी छोटी अँटेना घेऊन बांधाबांधानं निघाली, मागून मी. तिच्या यंत्रातून टक्, टक् ऐकू येत होतं. उजवीकडे गेलं की बारीक, डावीकडे वळलं की मोठं. बांध म्हणजे काय, वीतभर रुंद आणि दवानं निसरडा. मी दोनदा धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, उतरले, एकदा स्वखुशीनं आणि एकदा बसून. टक् टक् वाढत वाढत एका कुंपणापाशी आली. तारांचं कुंपण, कोपऱ्यात खांब, खांबावर पेटी.

"झटका मशीन," प्रज्ञा म्हणाली. रानडुकरं धानात शिरू नयेत म्हणून तारेत सोडलेला झटका. तो दर ठोक्याला नोंदीत उतरत होता. "कुणाचं शेत हे?" मी विचारलं. मग कुंपणाच्या आतून व्याहीच उभे राहिले, हातात विळा.

शेत त्यांचंच होतं.

"बाबा, हे बंद करा लागन."

"उशिराचा धान उभा आहे ना, बाई. डुकरं एका रातीत बांधी साफ करतेत." त्यांनी धानाकडे पाहिलं, मग पोरीकडे. मग पेटीपाशी गेले आणि खटका खाली केला. "म्या जागल करीन. पयले कोणापाशी मशीन होती? मचानीवर बसून डबा वाजोत होते."

पण एक पेटी बंद करून भागणार नव्हतं. तलावाभोवती सगळ्यांकडेच त्या होत्या. त्या सगळ्यांना तयार करण्यात शनिवार उजाडणार, आणि सोमवारी आठवडा संपणार, म्हणजे नोंदीसाठी एकच दिवस हाती होता, रविवार. आणि रविवारी गावची मंडई होती.

मंडई म्हणजे काय हे मी तिथंच शिकले. आमच्याकडे जत्रा देवाची असते. इथं दिवाळी झाली की प्रत्येक गाव आपली मंडई भरवतं, ती मुख्यतः माणसांची. लेकीजावई येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, दुकानं लागतात, दंडारीचे, म्हणजे इथल्या लोकनाट्याचे, फड उभे राहतात. हल्ली त्यात डीजे, जनरेटर, आकाशपाळणा आणि दिव्यांचा झगमगाट. सगळ्या पंचक्रोशीत पाहुण्यांना निरोप गेलेले. मंडई पुढे ढकलणं म्हणजे पाहुण्यांना दारातून परत पाठवणं.

"मग राहू दे," प्रज्ञा मला म्हणाली. "हिमालयसुद्धा चांगला आहे." तिचा आवाज ऐकून माझा जीव तुटला.

लेकीचं मागणं

शुक्रवारी विहारापुढच्या पटांगणात मंडईची बैठक होती. आम्ही दोघी विहीणबाईंबरोबर गेलो. त्यांच्या मांडीवर एक नवी साडी होती. मंडईला आलेल्या लेकीला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, अशी इथली रीत. त्यामुळे त्या दिवसांत घरोघर साडीचोळ्या निघत असतात. ती साडी पाहून प्रज्ञाला एकदम काहीतरी सुचलं असावं. ती उठून सगळ्यांसमोर उभी राहिली.

"मी या गावची लेक आहे. मंडईले आली आहे. मले आहेर पायजे."

"देऊ ना बाई, काय पायजे?" सुखरामजी म्हणाले.

"साडी नोको. रविवारचा एक दिवस अन् रात करंट बंद ठेवा. झटका मशीन, जनरेटर, डीजे, मोबाइल, सगळं. मले तेवढंच द्या."

मग मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजे मंडई मुक्यानं कराची काय?"

"नाही नाही! ढोलकी वाजवा, गाणे म्हणा, बोंबला. आवाजाचं काही नाही. माह्या मशीनले फक्त करंट आयकू येते."

"बोंबललं तरी चालते?"

"खूप बोंबला."

यावर पहिल्यांदा हशा पिकला. दंडारीच्या फडातले एक वयस्क गृहस्थ मांडी बदलून म्हणाले, "दंडार काय करंटवर चालते? दिवसा उजेडी नाचू." बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली, की जावयांचे मोबाइल काढून घेणार म्हणजे मजाच आहे. एकेक शेतकरी हात वर करून जागल कबूल करू लागला. शेवटी सगळ्यांच्या नजरा राकेशकडे वळल्या. गावच्या मंडईत त्याचा डीजे वर्षातला सगळ्यात मोठा वाजायचा.

तो डोकं खाजवत उभा राहिला. "ताई," तो म्हणाला, "साडी सस्ती पडली असती." आणि बसला. मी त्या पोराची दृष्टच काढली असती.

मंडई

रविवारी सकाळी विहाराच्या दारात धान्य साठवायची पत्र्याची मोठी कोठी आणून ठेवली. प्रज्ञानं सांगितलं होतं, सगळे मोबाइल बंद करून हिच्यात टाका. चुकून एखादा चालू राहिला तरी पत्र्याबाहेर काही जाणार नाही. कोठीपाशी विहीणबाई स्वतः बसल्या. गोंदियाचे एक जावई बराच वेळ ऑफिसचं काम सांगत होते. त्या म्हणाल्या, "जवाईबापू, ऑफिस सोमवारी पाहाजा," आणि झाकण उघडून धरलं.

मग जी मंडई झाली तिला तोड नाही. पायात घुंगरं बांधलेली दंडार, ढोलकी, झांजा. ऊस, मुरमुरे, जिलब्या, पुन्हा शिंगाडे. आकाशपाळणा चार गड्यांनी हातानं फिरवला. फोटो काढायला कुणाकडे काही नाही, त्यामुळे माणसं एकमेकांकडेच बघत होती. विहीणबाई मला हाताला धरून घरोघर फिरवत होत्या, "ह्या आमच्या इहीनबाई, साताऱ्याकडच्या," आणि प्रत्येक घरी खाणं. चौथ्या घरी मी पोटावर हात ठेवला तर ती म्हातारी म्हणाली, "काहून जी, आमचा भात गोड नाही लागत काय?" खाल्ला.

राकेशच्या हातांना चैन पडेना. दुपारी त्यानं कुणाची तरी ढोलकी ओढून घेतली आणि असा वाजवत सुटला की दंडारवाले नाचता नाचता दमले. अंधार पडायच्या आत मंडई उठली. पाहुणे कंदिलाच्या उजेडात जेवले, आणि माझे व्याही घोंगडी आणि पत्र्याचा डबा घेऊन शेताकडे निघाले. प्रज्ञा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली.

सोमवारी सकाळी सुखरामजींनी डोंग्यातून नोंदीची पेटी आणली. सपरीत प्रज्ञानं लॅपटॉप उघडला. अंगणात निम्मं गाव, पाळीवर उरलेलं निम्मं. व्याही जागरणानं तांबारलेल्या डोळ्यांनी खांबाला टेकून उभे. प्रज्ञा पडद्यावर बोट फिरवत पुढे पुढे जात होती.

"काय आयकू आलं, बाई?" शेवटी सुखरामजींनी विचारलं.

"काही नाही, काका." तिचा आवाज फुटत होता. "काहीच नाही आलं."

सगळे चेहरे पडले. एवढी मंडई करंटशिवाय काढून काहीच नाही! तेवढ्यात प्रज्ञा हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. "काका, काहीच नाही म्हंजे काहीच नाही! ना लाइट, ना मोबाइल, ना झटका. दुरून येते थो एफएम, त्याची जागा मले माहीत आहे. बाकी फक्त आभाळ. हेच त पायजे होतं!"

सुखरामजींना उमगायला क्षणभर लागला. मग ते पाळीच्या दिशेनं वळले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "काही नाही आलं रे! काहीच नाही आलं!" पाळीवरून असा जल्लोष उठला की पाणकावळे उडाले. राकेश जनरेटरकडे पळाला. दिवसरात्र दाबून ठेवलेला डीजे सुटला आणि मी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, विहीणबाईंचा हात धरून तलावाच्या पाळीवर नाचले.

निकाल यायला महिना गेला. त्या दिवशी प्रज्ञा आमच्याकडे कऱ्हाडला आली होती. फोन ठेवून ती मला बिलगली आणि मग लगेच माहेरी फोन लावला. तलाव मंजूर झाला, अँटेना तिथंच राहणार, हे तिनं एका दमात सांगितलं. स्पीकरवर आधी विहीणबाईंचं रडणं ऐकू आलं, मग व्याही आले.

"म्हंजे झटका मशीन आता बंदच?"

"हाव, बाबा. धान उभा असला का तुमाले जागल करा लागन." तिचा आवाज खाली गेला. "चार-पाच वर्षं तरी."

आम्ही दोघी फोनकडे बघत राहिलो.

"मंग मचान पक्की बांधा लागन," ते म्हणाले.